खानदेशातली ‘लाइन’: एका इंग्रजी शब्दाची पार्श्वभूमी

यावल-रावेर पट्ट्यातल्या केळीच्या बागेत ‘लाइन फुटली’ असे कोणी म्हटले, तर नदीवरून किंवा विहिरीवरून शेतापर्यंत गाडलेली पाइपलाइन समजायची, आणि ‘लाइन आली’ म्हटले तर पंपाची थ्री फेज वीज. धुळ्याकडे हेच अहिराणीत ‘लाइन उनी’ होते. एकाच शब्दाचे हे अर्थ एकदम आले नाहीत. ज्या त्या व्यवस्थेबरोबर एकेक अर्थ इकडे उतरला.

या शब्दाचे मूळ जवसाशी जाऊन भिडते. लॅटिनमध्ये जवसाला ‘लिनम’ म्हणत आणि त्याच्या वाखाच्या धाग्याला ‘लिनिआ’. धाग्यावरून दोरी, ताणलेल्या दोरीवरून सरळ रेघ आणि रेघेवरून रांग, सीमा, मार्ग, धंदा असा इंग्रजीतला अर्थविस्तार झाला. आपल्या गवंड्याचे ‘सूत’ही याच वाटेने गेलेले आहे.

खानदेश 1818 मध्ये इंग्रजांकडे गेला आणि 1825 मध्ये जेम्स औट्रम याने धरणगावी भिल्ल पलटण उभारली. शिपायांच्या राहत्या घरांच्या रांगांना लष्करी भाषेत ‘लाइन्स’ म्हणत. आजची ‘पोलीस लाइन’ हा त्याच वापराचा वारसा होय.

शब्द खऱ्या अर्थाने रुळला तो रेल्वेमुळे. 1853 मध्ये मुंबई-ठाणे धावलेल्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे रूळ पुढल्या दशकात खानदेशात पोहोचले, आणि नागपूर व इटारसीकडचे फाटे जिथे वेगळे होतात ते भुसावळ जंक्शन झाले. जबलपूरमार्गे मुंबई-कलकत्ता जोडणी 1870 मध्ये पूर्ण झाली. सुरतेहून नंदुरबार, अमळनेरमार्गे जळगावला येणारी ‘तापी व्हॅली लाइन’ त्यानंतरची. रेल्वेच्या वसाहतीत ‘लाइनवर गेलेत’ म्हणजे गाडी घेऊन ड्युटीवर गेलेत, आणि झेंड्या, दिवा, धोक्याचे फटाके ठेवलेली गार्डची लोखंडी पेटी म्हणजे ‘लाइन बॉक्स’.

विजेला मात्र ‘तार’ हा शब्द का चिकटला नाही, असा प्रश्न पडतो. माझ्या मते तो आधीच अडकलेला होता: ‘तार आली’ म्हणजे टपाल खात्याचा तातडीचा, बहुतेकदा वाईट बातमीचा निरोप, आणि ही सेवा थेट 2013 पर्यंत चालू होती. म्हणून खांबावरची तार तारच राहिली, तिच्यातून येणारा प्रवाह ‘लाइन’ झाला आणि खांबावर चढणारा ‘लाइनमन’. रात्रीच्या पाळीत वीज मिळणाऱ्या शेतकऱ्याच्या तोंडी हाच अर्थ सर्वांत जास्त असतो.

‘तो कापसाच्या लाइनीत आहे’ हा धंद्याचा अर्थ बाजारपेठेत चालतो. ‘लाइन मारणे’ कॉलेजच्या कट्ट्यावर. रेशन दुकानासमोर ‘रांग’ आणि ‘लाइन’ दोन्ही लागतात. कवितेची मात्र ओळच राहिली, आणि भूमितीतली रेषा.