रक्तात यीस्ट सापडलं, पण कोणतं?

तासगावच्या द्राक्षांच्या सालीवर यीस्ट, म्हणजे एकपेशी बुरशी, असतात. आपण ती द्राक्षं मजेत खातो, काही बिघडत नाही. पण याच कुळातलं एखादं यीस्ट आयसीयूतल्या रुग्णाच्या रक्तात शिरलं, तर जिवाशी गाठ असते. गळ्याजवळच्या मोठ्या शिरेत घातलेली सेंट्रल लाइन, बरेच दिवस चाललेली अँटिबायोटिक्स, किमोथेरपी, अपुऱ्या दिवसांचं बाळ: अशा ठिकाणी त्याला वाट मिळते.

मिरजेत सांगली-कोल्हापूरचेच नव्हे, कर्नाटकातलेही रुग्ण उपचारांना येतात. तिथल्या लॅबमध्ये ब्लड कल्चरची, म्हणजे रुग्णाचं रक्त घालून जंतू वाढतात का ते पाहायची, बाटली पॉझिटिव्ह आली की आधी स्लाइड रंगवायची. सूक्ष्मदर्शकाखाली जिवाणूंपेक्षा कितीतरी मोठ्या, अंड्याच्या आकाराच्या जांभळ्या पेशी दिसतात. एखादीच्या कडेला बारीक कळी फुटलेली. लगेच वॉर्डला फोन जातो आणि औषध सुरू होतं. पण खरं काम इथून पुढे असतं.

ते यीस्ट रक्तद्रवात घालून ३७ अंशांवर दोन-तीन तास ठेवतात. कॅन्डिडा या यीस्टच्या गटातली अल्बिकन्स ही जात असेल, तर मटकीला यावा तसा पेशीला सरळ मोड येतो. मोड आला नाही, की शोध वाढतो. जातीनुसार वेगळा रंग देणाऱ्या वाढीच्या माध्यमावर कॅन्डिडाचीच ट्रॉपिकॅलिस ही जात निळसर उगवते, क्रुसेई गुलाबी. क्रुसेईला फ्लुकोनॅझोल हे बुरशीवरचं औषध मुळातच लागू पडत नाही. प्लेटवर पोवळ्याच्या रंगाची ऱ्होडोटोरुला ही दुसरी यीस्ट उगवली, तर फ्लुकोनॅझोल नाही आणि कॅस्पोफंजिन हे औषधही नाही; अँफोटेरिसिन हेच औषध द्यावं लागतं. नाव चुकलं की औषध चुकतं, आणि एवढ्या आजारी माणसाकडे वाया घालवायला दिवस नसतात.

सगळ्यात जास्त चकवलं ते कॅन्डिडा ऑरिसने. जपानमधल्या एका वृद्धेच्या कानात सापडलेलं हे यीस्ट २००९ मध्ये प्रथम नोंदलं गेलं. ओळख पटवणारी जुनी यंत्रं त्याला 'हिमुलोनी' ही कॅन्डिडाची दुसरीच जात म्हणत, कारण त्यांच्या यादीत ऑरिस नव्हतंच. आता माल्डी-टॉफ यंत्र लेझर मारून यीस्टमधल्या प्रथिनांचा ठसा घेतं आणि काही मिनिटांत नाव सांगतं. त्याचीही यादी अद्ययावत हवी. शंका उरली तर डीएनए वाचावा लागतो.

ऑरिसचं नाव पक्कं झालं की रुग्णाला वेगळ्या खोलीत हलवतात आणि आधीची खाट, कठडे, बीपीचा पट्टा सगळं क्लोरीनच्या द्रावणाने पुसून काढतात. कारण हे यीस्ट कोरड्या पृष्ठभागावरही कित्येक दिवस तग धरतं.