गार्डनडेलचे स्वतंत्र स्कूल डिस्ट्रिक्ट : एका अडलेल्या प्रयत्नाची पार्श्वभूमी

अमेरिकेतील अलाबामा राज्यात, बर्मिंगहॅमच्या उत्तरेस, सुमारे १६ हजार वस्तीचे गार्डनडेल नावाचे शहर आहे. जेफरसन काउंटीच्या (म्हणजे आपल्याकडील जिल्ह्यासारख्या विभागाच्या) स्कूल डिस्ट्रिक्टमधून, म्हणजे ठरावीक हद्दीतील सरकारी शाळा चालवणाऱ्या यंत्रणेतून, बाहेर पडून स्वतःचे डिस्ट्रिक्ट स्थापन करण्याचा या शहराचा प्रयत्न फेब्रुवारी २०१८ मध्ये अपील न्यायालयात फसला. निकाल समजायचा तर राज्याच्या कायद्यातील एक तरतूद आणि १९६५ चा एक दावा या दोहोंकडे पाहावे लागते.

अलाबामात किमान ५,००० लोकसंख्या असलेल्या शहराला स्वतःची शाळाव्यवस्था उभारता येते. डिस्ट्रिक्टला स्वतःचे मंडळ असते, स्वतःचा अधीक्षक असतो आणि स्थानिक मालमत्ता कराचा पैसाही त्याच्याच शाळांवर खर्च होतो. त्यामुळे हद्दीची रेघ कोठून जाते यावर शाळेचा खर्चच नव्हे, तर वर्गात कोण कोणाशेजारी बसणार हेही ठरते. बर्मिंगहॅमलगतचे सधन माउंटन ब्रुक १९५९ मध्येच वेगळे झाले होते.

गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलांच्या शाळा वेगळ्या ठेवणे घटनाबाह्य असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये दिला, तरी जेफरसन काउंटीत फारसे काही हलले नाही. म्हणून १९६५ मध्ये कृष्णवर्णीय पालक ‘स्टाउट’ या नावाने ओळखला जाणारा दावा घेऊन संघराज्याच्या न्यायालयात गेले. न्यायालयाचा रेटा वाढताच व्हेस्टाव्हिया हिल्स, होमवुड, मिडफील्ड, प्लेझंट ग्रोव्ह अशी शहरे १९७० च्या सुमारास भराभर काउंटीतून बाहेर पडली, आणि ती वेळ योगायोगाची होती असे मानणे कठीण आहे. प्लेझंट ग्रोव्हचे उदाहरण पुरेसे बोलके आहे : हद्दीबाहेरच्या कृष्णवर्णीय मुलांना शाळेत आणण्यासाठी बस घेण्यास या शहराने नकार दिला, तेव्हा न्यायालयाने त्याच्या शाळा पुन्हा काउंटीच्या ताब्यात दिल्या. स्टाउट दाव्यातील १९७१ च्या आदेशानंतर काउंटीतून फुटणाऱ्या प्रत्येक शहराला न्यायालयाचे दार ठोठावणे भाग पडले, आणि व्हर्जिनियातील एम्पोरिया शहराच्या प्रकरणात १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही पाच विरुद्ध चार मतांनी असेच बजावले की, नवे डिस्ट्रिक्ट गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलांच्या एकत्रीकरणाच्या आड येत असेल तर त्याला रोखता येते. तरीही पुढे हूवर (१९८८), लीड्स (२००३) आणि ट्रसव्हिल (२००५) वेगळे झालेच.

गार्डनडेलमधील हालचाल २०१२ मध्ये सुरू झाली. पुढच्या वर्षी शहराने त्यासाठी मालमत्ता कर वाढवला आणि २०१४ मध्ये शिक्षण मंडळ नेमले. गावात वाटल्या गेलेल्या एका पत्रकावर एका गोऱ्या शाळकरी मुलीचे चित्र होते आणि गार्डनडेल कोणता मार्ग निवडणार, असा प्रश्न विचारलेला होता. एका बाजूला होमवुड, हूवर अशा वेगळ्या झालेल्या शहरांची नावे होती, तर दुसऱ्या बाजूला काउंटीतच राहिलेल्या, कृष्णवर्णीयांची वस्ती वाढलेल्या गावांची. शिवाय काउंटीने २०१० मध्ये पाच कोटी डॉलरहून अधिक खर्चून बांधलेले, बाहेरच्या मुलांनाही व्यावसायिक शिक्षण देणारे हायस्कूल शहराला हवे होते, आणि त्यावरून पैशाचा वाद वेगळाच पेटला.

एप्रिल २०१७ मध्ये न्यायाधीश मॅडलिन हायकाला यांनी वेगळे होण्यामागे वंश हे एक कारण असल्याचा स्पष्ट निष्कर्ष काढला, पण तरीही प्रथम दोन प्राथमिक शाळा चालवून पाहण्याची मुभा शहराला दिली. परवानगी नाकारली तर त्याचा दोष कृष्णवर्णीय मुलांच्या माथी मारला जाईल, अशी त्यांची एक चिंता होती. भावना समजण्यासारखी असली तरी हा तोडगा निष्कर्षाशी जुळत नव्हता, आणि अपील न्यायालयाने नेमके त्यावरच बोट ठेवले. हेतू भेदभावाचा ठरला असेल तर अंशतः परवानगीही देता येत नाही, असे विल्यम प्रायर यांनी निकालपत्रात लिहिले. प्रायर हे अलाबामाचे माजी महाधिवक्ता आणि पुराणमतवादी न्यायाधीश म्हणून परिचित असल्याने या निकालाला पक्षीय रंग देणे कोणालाच सोपे गेले नाही.

शेजारच्या टेनेसी राज्यात चित्र उलट आहे. तेथे मेम्फिसच्या शाळा २०१३ मध्ये शेल्बी काउंटीच्या शाळांत विलीन झाल्या आणि वर्षभरातच जर्मनटाउन, कोलियरव्हिल, बार्टलेट यांसह सहा उपनगरांनी आपापली डिस्ट्रिक्ट उघडली. राज्य विधिमंडळाने त्यासाठी कायदा मोकळा करून दिला होता, आणि शेल्बी काउंटीवरील वर्णीय एकत्रीकरणाचा जुना न्यायालयीन आदेश २०१४ च्या आधीच संपुष्टात आलेला होता. जेफरसन काउंटीवरील १९७१ चा आदेश मात्र गार्डनडेलने अर्ज केला तेव्हाही लागू होता.