भोसरीचा ले-ऑफ आणि हिंजवडीचा लेऑफ

जानेवारीतल्या एका मंगळवारी मी दुपारी दोनलाच घरी आलो. अण्णा, म्हणजे माझे वडील, गॅलरीत मटार सोलत बसले होते. "आज लवकर?" म्हणाले. मी म्हटलं, "लेऑफ झाला." त्यांनी मान डोलावली, हातातली शेंग सोलून संपवली आणि विचारलं, "किती दिवसांचा?"

मी गप्प. मग पुढचा प्रश्न आला, "रोज हजेरी लावायला जायचंय, का फोनवर चालतं?"

अण्णांनी भोसरीच्या एका कारखान्यात 31 वर्षं टर्नर म्हणून काढली. मी 12 वर्षं हिंजवडीत, आयटीत. निगडीच्या दोन खोल्यांत हा एक शब्द इतकी वर्षं दोन अर्थांनी राहत होता आणि आम्हाला कुणालाच पत्ता नव्हता. त्या दिवशी मला अण्णांच्या प्रश्नाचा राग आला. पुढचे तीन आठवडे मी जे केलं ते पाहता, अर्थाचा घोळ त्यांच्यापेक्षा माझ्याच डोक्यात जास्त होता.

अण्णांचा शब्द कायद्यातला आहे. कोळसा, वीज, कच्चा माल नाही, तयार माल साठून राहिलाय, मशीन बिघडलंय, पूर आलाय, अशा कारणाने मालक काम देऊ शकत नाही, पण कामगाराचं नाव मस्टरवर तसंच राहतं. हा ले-ऑफ. औद्योगिक विवाद कायदा 1947 चा, त्यात ही व्याख्या आली 1953 साली. 21 नोव्हेंबर 2025 पासून त्या कायद्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता आली, तिच्यातही ती जवळपास तशीच आहे. 50 किंवा त्याहून जास्त कामगारांच्या कारखान्यात ज्याची वर्षभराची सलग नोकरी झाली आहे, त्याला घरी बसवलेल्या दिवसांचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता यांचा निम्मा भाग मिळतो. साप्ताहिक सुट्टी यात धरत नाहीत. दुसऱ्याच्या जागेवर तात्पुरता येणाऱ्या बदली कामगाराला हे नाही, कॅज्युअलला नाही.

आणि हजेरी. अण्णांनी विचारलं ते उगाच नव्हतं. कामाच्या वेळेत दिवसातून एकदा तरी कारखान्यावर हजर व्हायचं, नाहीतर त्या दिवसाचे पैसे बुडाले. त्यामुळे ले-ऑफच्या दिवसांतही अण्णा पहिल्या शिफ्टच्या वेळेला सायकल काढायचे, टाइम ऑफिसच्या खिडकीत सही करायचे आणि गेटसमोरच्या टपरीवर बसायचे. शिफ्टमधली सगळी माणसं तिथेच. पत्ते, चहा, युनियनच्या प्रतिनिधीला शिव्या. दहाच्या सुमाराला घरी. त्या दिवसांत त्यांनी घरातला पोटमाळा स्वतःच्या हाताने बांधला, अजून शाबूत आहे. आईने दूध एक पिशवी कमी केलं, वाण्याकडे वही चालू ठेवली. वाणीही विचारायचा, "किती दिवसांचा?" उत्तर ऐकून तो निवांत व्हायचा, कारण उत्तरात आकडा असायचा.

असला ले-ऑफ इतिहासजमा झालेला नाही. 2019 च्या वाहन मंदीत पिंपरी-चिंचवड आणि चाकण पट्ट्यात 'ब्लॉक क्लोजर'च्या नोटिसा लागल्या होत्या. ब्लॉक क्लोजर हा ले-ऑफचा चुलतभाऊ. त्यात युनियनशी जो करार असेल त्याप्रमाणे कधी रजा वळत्या होतात, कधी ते दिवस पुढे भरून द्यायचे ठरतात. (टाळेबंदी हे आणखी तिसरंच प्रकरण, म्हणजे वाद चालू असताना मालकाने गेटला कुलूप घालणं. 2020 मध्ये पेपरवाल्यांनी लॉकडाऊनला टाळेबंदी म्हणायला सुरुवात केली, तेव्हा अण्णा दोन दिवस विचारत होते, "पण मागण्या काय आहेत?")

आता माझा शब्द. हिंजवडी-खराडीत ज्याला आम्ही लेऑफ म्हणतो तो कायद्याच्या भाषेत ले-ऑफ नाहीच. ती कपात. नाव मस्टरवरून गेलं, आयडी कार्ड जमा झालं, दुपारी दीडला मेलचा पासवर्ड चालेनासा झाला. अमेरिकेतल्या बोलण्यातून शब्द उचलला आणि सोबत त्याचा तिकडचा अर्थही आला, एवढंच. गंमत अशी की अण्णांच्या अर्थाचा ले-ऑफ आमच्याकडे होऊच शकत नाही, कारण ती भरपाई कायद्याने कारखाने, खाणी आणि मळे यांच्यापुरती ठेवली आहे. आमच्याकडे त्याच्या सगळ्यात जवळ जाणारी गोष्ट म्हणजे बेंच. प्रोजेक्ट नाही, काम नाही, पण नाव आहे आणि पगार पूर्ण. अण्णांना मी बेंच समजावून सांगितला तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे ले-ऑफ, पण अख्ख्या पगाराचा? मग तुम्ही रडत कशाला होता?"

कपातीचे हक्क वेगळे आहेत आणि ते बरेच आहेत. वर्षभर सलग नोकरी झालेल्या कामगाराला कमी करायचं तर कारण लिहिलेली एक महिन्याची नोटीस द्यावी लागते, नाहीतर महिन्याचा पगार. नोकरीच्या दर पूर्ण वर्षामागे 15 दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून. सर्वसाधारणपणे त्या प्रकारच्या कामात जो शेवटी लागला तो आधी जातो, आणि तसं करायचं नसेल तर मालकाने कारण नोंदवायचं. वर्षभरात तीच जागा पुन्हा भरायची झाली तर आधी काढलेल्याला विचारायचं. नव्या संहितेने आणखी एक भर घातली, ती म्हणजे कपात झालेल्याच्या खात्यात 45 दिवसांच्या आत आणखी 15 दिवसांचा पगार पुनर्कौशल्य निधीतून, म्हणजे नवं काम शिकता यावं म्हणून ठेवलेल्या पैशांतून, जमा व्हायला हवा. 5 वर्षं झाली असतील तर ग्रॅच्युइटी आहेच, ती राजीनामा दिला तरी मिळते. भरपाईच्या रकमेला ठरलेल्या मर्यादेत, जास्तीत जास्त 5 लाखांपर्यंत, आयकर माफ आहे.

"पण हे सगळं कामगारांना, आपण तर इंजिनिअर," असं माझ्या टीममधला एक जण म्हणाला. हा गैरसमज कंपन्यांच्या फार सोयीचा आहे. तांत्रिक काम करणाराही कामगारात मोडतो आणि त्याच्या पगाराला वरची मर्यादा नाही. वगळले जातात ते व्यवस्थापकीय किंवा प्रशासकीय काम करणारे, आणि 18,000 रुपयांपेक्षा जास्त पगाराचे सुपरवायझर. कार्डावर 'मॅनेजर' छापलंय म्हणून कुणी मॅनेजर ठरत नाही. रजा मंजूर करायचा, माणूस नेमायचा अधिकार हातात होता की दिवसभर कोडच लिहीत होतात, हे बघतात. वाद होतो, वकील दोन्ही बाजूंनी बोलतात, पण दरवाजा बंद नाही.

दरवाजा बंद होतो तो राजीनाम्याने.

माझा कॉल 14 मिनिटांचा होता. एचआरच्या बाई अतिशय गोड आवाजात म्हणाल्या, "तुमच्या पुढच्या करिअरसाठी राजीनामा बरा दिसेल, नाहीतर आम्हाला टर्मिनेशन लिहावं लागेल." मॅनेजर कॅमेरा बंद करून बसला होता. मी पोर्टलवर गेलो, कारणांच्या यादीतून 'वैयक्तिक' निवडलं आणि बटण दाबलं. स्वेच्छेने दिलेला राजीनामा ही कपात नव्हे. वरच्या परिच्छेदातली नोटीस, भरपाई, पुन्हा बोलावण्याचा हक्क, सगळं त्या एका क्लिकबरोबर हवेत गेलं. मला तीन महिन्यांचा पगार 'सद्भावना' म्हणून मिळाला, तो घेऊन मी थँक यूसुद्धा म्हणालो. रात्री अण्णांनी विचारलं, "सही करायच्या आधी युनियनला विचारलंस ना?" आयटीआय झालेला माणूस हे विचारतो आणि आम्ही, पीएफचं पासबुकही वर्षातून एकदा उघडणारे, 14 मिनिटांत सह्या करतो.

त्या कॉलवर बोलायचं वाक्य मला आता येतं. "मला हे मेलवर पाठवा, मी वाचून उद्या सांगतो." बस. आणि राजीनामा दबावाखाली घेतला गेला असेल तर त्याच दिवशी तसं कंपनीला लेखी कळवून ठेवायचं, स्वतःच्या खाजगी मेलवरून. पुण्यात अप्पर कामगार आयुक्तांच्या शिवाजीनगरच्या कार्यालयात अर्ज देता येतो, समेटाची बैठक लागते. न्यायाधिकरणात जायची मुदत आता नोकरी गेल्यापासून 2 वर्षांची आहे, जुन्या कायद्यात ती 3 होती. नाइट्स ही आयटीवाल्यांची संघटना इथलीच, तिथेही लोक जातात. मी यातलं काही केलं नाही. मला लाज वाटत होती, आणि लाज फार महाग पडते.

आता त्या तीन आठवड्यांविषयी. मॅनेजरने शेवटी फोन करून सांगितलं होतं, "मार्केट सुधारलं की पहिला फोन तुला." ते वाक्य मी धरून बसलो. सकाळी नऊला आंघोळ करून लॅपटॉप उघडायचा, लिंक्डइनवर टीमच्या लोकांना हिरवा ठिपका दिसेल असं बसायचं. सोसायटीत कुणी विचारलं तर वर्क फ्रॉम होम. हप्ता चालू, जिम चालू, शनिवारचं बाहेरचं जेवण चालू. बायकोला म्हणायचो, थांब, होईल काहीतरी. म्हणजे मी काय करत होतो? गेटवर हजेरी लावत होतो. अण्णांची हजेरी खरी होती, तिच्यामागे मस्टरवरचं नाव आणि निम्मा पगार होता. माझ्या मस्टरवर मी नव्हतो.

दोन्हींत घरी बसावं लागतं, दोन्हींत पोटात गोळा येतो, म्हणून वागणंही सारखंच असावं असं वाटतं. पण ले-ऑफमध्ये थांबणं हेच काम असतं. उगाच घाबरून दुसरीकडे पर्मनंट नोकरी धरली तर एवढ्या वर्षांची नोकरी हातची जाते. कपातीत थांबलात तर रोजचा दिवस बचतीतून जातो. पहिल्या आठवड्यात मी करायला हवं होतं ते चौथ्यात केलं. बँकेत जाऊन गृहकर्जाच्या माणसाशी हप्ता चुकायच्या आधी बोललो. चुकल्यावर तोच माणूस वेगळ्या आवाजात बोलतो. कंपनीचा आरोग्य विमा शेवटच्या दिवसाबरोबर संपला होता आणि अण्णांचं नाव त्यातच होतं. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं का, हे नोकरी असतानाच विचारायचं असतं. मला नवी पॉलिसी घ्यावी लागली, वय 71, मधुमेह. हप्त्याचा आकडा सांगत नाही. पगार येणं बंद झालं की झिरो बॅलन्सचं सॅलरी खातं काही महिन्यांनी साधं बचत खातं होतं आणि काही बँकांत किमान शिलकीचा दंड लागायला लागतो, हीही माहिती दंड भरूनच मिळाली.

पैशांइतकाच फरक सोबतीचा. अण्णांच्या वेळी शंभर माणसं एकाच टपरीवर बेकार होती, त्यात कुणाचा कमीपणा नव्हता. वीज नव्हती, बस. आमच्यात प्रत्येकाला वेगळा कॉल लावतात, 'कुणाशी बोलू नका' म्हणतात आणि माणूस घरी जाऊन आपल्यात काय कमी होतं ते शोधत बसतो. मला नंतर कळलं, त्याच मंगळवारी आमच्या मजल्यावरचे अकरा जण गेले होते. त्यातला एक आमच्याच निगडी प्राधिकरणात राहतो, दोन चौक सोडून. आता आम्ही गुरुवारी भेटतो आणि एकमेकांचे रेझ्युमे फाडतो. पत्ते अजून आणलेले नाहीत.

ठेकेदाराकडच्या पोरांना मात्र या दोन्ही शब्दांशी देणंघेणं नाही. त्यांना 'ब्रेक' मिळतो, तोही तोंडी.

आणि कधी कधी पहिला प्रकार बसल्या जागी दुसऱ्यात बदलतो, तो सगळ्यात वाईट. तळेगावच्या जनरल मोटर्समध्ये डिसेंबर 2020 मध्ये गाड्या बनणं थांबलं, पुढच्या वर्षी कामगारांना ले-ऑफची नोटीस लागली. निम्म्या पगारावर माणसं वाट बघत, लढत राहिली. 2023 मध्ये ह्युंदाईने तो कारखाना घ्यायचा करार केला. तिथे 'किती दिवसांचा?' याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं. ले-ऑफच्या नोटिशीत तारीख नसेल, पुढच्या महिन्याची ऑर्डर दिसत नसेल आणि मशीन ट्रकवर चढताना दिसायला लागली, तर हजेरी लावत राहावं आणि संध्याकाळी दुसरीकडे अर्जही टाकावेत, असं अण्णांचं मत.

गेल्या महिन्यात खालच्या मजल्यावरच्या काकू रडत वर आल्या. त्यांचा मुलगा चाकणला आहे, "त्याचा ले-ऑफ झाला हो." मी खुर्ची सरकवली, बँक, विमा, मेल, सगळं सांगायला तोंड उघडलं. अण्णांनी मला हातानेच थांबवलं आणि त्यांना विचारलं, "नोटिशीवर तारीख आहे का?"

काकूंनी मोबाइल पुढे केला. सहा दिवस होते.