मुलाला चित्रवर्गात घालताना : पालकांसाठी माहिती

आमचा वर्ग कुडाळात भरतो, पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी. फळ्यावर मोर काढून तो सगळ्यांकडून उतरवून घेणं आम्ही मुद्दाम टाळतो. तसा मोर घरी दाखवायला छान दिसतो, पण तो बाईंचा असतो.

पाच-सहा वर्षांचं मूल आईला घरापेक्षा उंच काढतं. त्याला जे महत्त्वाचं, ते मोठं. सात-आठच्या सुमारास कागदाच्या तळाशी एक रेघ येते, त्या रेघेवर माड, घर, माणसं ओळीने उभी राहतात आणि वर आकाशाची निळी पट्टी. होडीच्या पोटातले मासेही आरपार दिसतात. कलाशिक्षणतज्ज्ञ व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी हे टप्पे १९४७ साली सविस्तर मांडले. यातलं काहीच चुकलेलं नसतं, म्हणून आम्ही मुलाच्या कागदावर स्वतःचा हात चालवत नाही. नऊ-दहाव्या वर्षी मात्र मूलच म्हणू लागतं, "माका जमणा नाय." तेव्हा जवळचं-लांबचं, एकामागे एक झाकलेलं कसं दाखवायचं, ते शिकवायची खरी वेळ येते.

साहित्य बरंचसं इथलंच. जांभ्याची लाल माती पाण्यात कालवून फडक्याने गाळायची, खाली बसलेल्या गाळात भिजवलेला डिंक घालायचा की रंग तयार. कोळसाही चालतो. जवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाने चित्रकथी जपली आहे. त्यातले परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. सुट्या कागदांवरची चित्रं एकामागून एक दाखवत रामायण-महाभारतातली कथा गायची, ही त्यांची रीत. मुलं याच पद्धतीने आपल्या गावातली गोष्ट चार-पाच कागदांवर मांडतात आणि उभं राहून सांगतात.

डिझाइन म्हणजे नक्षी, असा समज असतो. आम्ही पावसाळ्यात मुलांसमोर इरलं, म्हणजे शेतात पावसापासून बचावाला डोक्यावरून पाठीवर घ्यायचं आच्छादन, ठेवतो. भाताची लावणी करताना माणूस वाकतो, म्हणून ते पाठीवरून खालपर्यंत येतं. हे मुलांना हातात घेतल्यावर आपोआप कळतं. मग बाहुलीसाठी कागद, काड्या आणि पानांचं इरलं करायचं, वरून तांब्याने पाणी ओतायचं, कुठून गळतं ते बघायचं, पुन्हा करायचं. दुसऱ्या खेपेला मुलं पानं कौलांसारखी एकावर एक चढवू लागतात, आणि ते कुणीही सांगितलेलं नसतं.

एलिमेंटरी-इंटरमिजिएट या सरकारी चित्रकला परीक्षांची चिंता आत्ताच करू नका, त्या परीक्षा हायस्कुलातल्या.

घरी एवढं सांभाळा: "हे काय काढलंस?" असं विचारण्यापेक्षा "मला सांग ना याच्याबद्दल" म्हणा. भावंडांच्या चित्रांची तुलना नको. वर्गाला येताना जुना सदरा घाला, मातीचे डाग सहज निघत नाहीत. खोडरबर आणि पट्टी पाठवू नका.