उठलेली चळवळ आणि उठवलेली चळवळ

पक्ष सुधारायला निघालेले साधे कार्यकर्ते आणि एखाद्या कंपनीने पैसे मोजून उभे केलेले ‘जागरूक नागरिक’ दुरून सारखेच दिसतात. दोघांकडे फलक, सह्यांचे गठ्ठे, संपादकांना धाडलेली पत्रं. अमेरिकेत तर दोन्ही प्रकार मुरलेले आहेत.

तिथल्या एकाच सरकारी खात्यातली दोन प्रकरणं पाहा. प्रसारण आणि दूरसंचारावर नियंत्रण ठेवणाऱ्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने २००३ मध्ये ठरवलं की एका कंपनीच्या टीव्ही केंद्रांची पोच देशातल्या ३५ ऐवजी ४५ टक्के घरांपर्यंत असली तरी चालेल. विरोधात लाखो हरकती आल्या. हरकत घेणाऱ्यांत डाव्या विचारांची मूव्हऑन ही संघटना होती आणि बंदूकधारकांची नॅशनल रायफल असोसिएशनसुद्धा! एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारी ही माणसं. शेवटी अमेरिकी काँग्रेसला मर्यादा ३९ टक्क्यांवर आणावी लागली.

२०१७ मध्ये ब्रॉडबँड कंपन्यांवर बंधनं घालणारे इंटरनेट सेवेचे नियम रद्द करावेत का, यावरून याच कमिशनकडे दोन कोटींहून जास्त अभिप्राय आले. न्यूयॉर्कच्या अॅटर्नी जनरल कार्यालयाने २०२१ मध्ये चौकशी अहवाल दिला, तेव्हा त्यातले जवळपास १ कोटी ८० लाख बनावट निघाले. सुमारे ८५ लाख ब्रॉडबँड कंपन्यांच्या पैशावर चाललेल्या मोहिमेतले, अनेकांची नावं परस्पर वापरून केलेले. आणि ७७ लाख, नियम टिकावेत या बाजूने, एकट्या १९ वर्षांच्या विद्यार्थ्याने पाठवलेले. तेव्हा आकडा कितीही मोठा असला तरी त्यावरून काही कळत नाही.

मग लोक सांगतात, पैसा कुठून आला ते बघा. सल्ला बरा आहे, पण अपुरा. १९९३ ची नॅशनल स्मोकर्स अलायन्स फिलिप मॉरिस या सिगारेट कंपनीच्या पैशावर उभी राहिली. तिने कंपनीच्या विरोधात ब्र काढला असता, हे संभवतच नव्हतं. टी पार्टी या रिपब्लिकन पक्षातल्या कडव्या उजव्या चळवळीलाही २००९ पासून अमेरिकन्स फॉर प्रॉस्पेरिटीसारख्या धनाढ्यांच्या संस्थांचं बळ होतं. तरी २०१४ मध्ये व्हर्जिनियातल्या मतदारांनी रिपब्लिकनांचे सभागृह नेते एरिक कँटर यांना पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक निवडणुकीत पाडलं, तेही डेव्हिड ब्रॅट या फारशा कुणाला ठाऊक नसलेल्या प्राध्यापकाकडून. हे कुठल्याही देणगीदाराच्या योजनेत नव्हतं. म्हणून माझ्या मते खरा प्रश्न असा: लोक आयोजकांना ‘नाही’ म्हणू शकतात का?

खऱ्या चळवळीची दुसरी खूण हरल्यानंतर दिसते. हॉवर्ड डीन २००४ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाची अध्यक्षीय उमेदवारी हरले. त्यांचे बरेच समर्थक घरी बसले नाहीत. ते पक्षाच्या स्थानिक समित्यांमध्ये शिरले. कंटाळवाण्या बैठका, ठराव, रिकाम्या जागा भरणं, असली कामं. पुढच्याच फेब्रुवारीत डीन पक्षाच्या राष्ट्रीय समितीचे अध्यक्ष झाले आणि त्यांनी पन्नासही राज्यांत पगारी संघटक नेमायला घेतले, जिथे पक्ष वर्षानुवर्षं हरत होता तिथेसुद्धा. जिंकता येतील अशाच जागांवर पैसा लावा, असं म्हणणाऱ्या, प्रतिनिधिगृहाच्या निवडणुकीची पक्षाची मोहीम सांभाळणाऱ्या राम इमॅन्युएल यांच्याशी २००६ मध्ये त्यावरून त्यांचे खटके उडाले. भाड्याच्या मोहिमेत हा टप्पा येतच नाही. निकाल लागला की कंत्राट संपतं.