ख्रिस्ती-हिंदू वादविवाद, मुंबईतील

ख्रिस्ती सिद्धांतांच्या सत्यासत्यतेवर मुंबईत एकोणिसाव्या शतकात झालेले जाहीर वाद. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन १८२९ मध्ये मुंबईत आले आणि वादांना जोर चढला. १८३१ मध्ये मोरभट्ट दांडेकरांशी त्यांचा वाद झाला. दांडेकरांनी ‘हिंदुधर्मस्थापना’ लिहिली. विल्सन यांचे खंडन १८३२ चे.

हिंदू धर्माची बाजू मांडणारे विष्णुबावा ब्रह्मचारी (विष्णु भिकाजी गोखले, १८२५–७१) यांचे मिशनऱ्यांशी समुद्रकिनारी झालेले वाद सर्वांत प्रसिद्ध. ते १५ जानेवारी ते २८ मे १८५७ या काळात झाले, असे सामान्यतः मानतात. दोन्ही तारखा गुरुवारी येतात, त्यामुळे ते साप्ताहिक असावेत हे मत ग्राह्य वाटते. स्थळ म्हणून गिरगाव चौपाटी सांगण्याची प्रथा आहे. परंतु बॅक बे या मुंबईच्या पश्चिमेकडील उपसागराच्या किनाऱ्यावर पुढे भराव पडून किनारा बदलला असल्याने ‘बॅक बेचा किनारा’ एवढेच म्हणणे अधिक सुरक्षित. वृत्तांत दोन : अमेरिकन मिशनरी जॉर्ज बोवेन यांचा १८५७ चा इंग्रजी आणि बावांच्या निधनानंतर, १८७२ मध्ये निघालेला मराठी. बोवेन स्वतःच प्रतिपक्षी होते, म्हणून केवळ त्यांच्या आधारे जयापजय ठरवू नये. दोन्ही शेजारी ठेवूनच वाचावेत.

वादाचा गाभा पापाच्या जबाबदारीचा होता. आदमाचे पाप त्याच्या वंशाला का लागावे आणि एकाच्या (ख्रिस्ताच्या) मरणाने दुसऱ्याचे पाप कसे फिटावे, हे हिंदू पक्षाचे नेहमीचे आक्षेप. ज्याचे कर्म त्यानेच भोगावे, ही त्यामागची धारणा. मिशनऱ्यांचा उलट प्रश्न अद्वैताच्या (जीव आणि ब्रह्म एकच, या मताच्या) वर्मी लागणारा होता : जीव ब्रह्मच असेल तर पाप करतो कोण, आणि पापपुण्याचा भेद उरतो कसा? व्यवहार (रोजच्या अनुभवाचे जग) व परमार्थ (अंतिम सत्य) या दोन पातळ्या मानून वेदान्ती उत्तर देतात. पण शिक्षा भोगणारा जीव व्यवहारातलाच असेल तर त्याच्या दुःखाचे काय, ही शंका तेवढ्याने मिटत नाही. तसेच, निरपराधाने दुसऱ्याची शिक्षा स्वेच्छेने पत्करली तरी न्याय कसा साधतो, याचा उलगडा ख्रिस्ती पक्षालाही करावा लागतो. या वादांना केवळ धर्मांतराची झटापट समजणे अन्यायाचे आहे. नीतीच्या मुळाशी जाणारे तत्त्वचिंतन येथे भर किनाऱ्यावर, सामान्य श्रोत्यांपुढे चालले.

बावांचा ‘वेदोक्तधर्मप्रकाश’ १८५९ मध्ये निघाला. मराठी ख्रिस्ती बाजू बाबा पदमनजी (१८३१–१९०६) यांच्या लेखनात सापडते. पारशी समाजात १८३९ मध्ये काहींनी ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यानंतर असाच वाद उठला. विल्सन यांचा पारशी धर्मावरील ग्रंथ १८४३ चा.