मटकीचे मोड आणि बटाट्याचे कोंब

श्रावणात उपवासाचे म्हणून जास्तीचे बटाटे आणले जातात आणि दमट हवेत बघता बघता त्यांना कोंब फुटतात. यंदा कोंब खुडताना आत्याने विचारलं, "मटकीचे मोड पौष्टिक म्हणून खातो, मग बटाट्याचे मोड का टाकायचे?" प्रश्न अगदी रास्त आहे.

मटकी हे बी आहे. बटाटा बी नाही आणि मूळही नाही. ते जमिनीखाली फुगलेलं खोड आहे आणि त्याचे 'डोळे' म्हणजे खोडावरच्या कळ्या. शिवाय हे झाड धोतरा, तंबाखू, मिरची, वांगं यांच्या कुळातलं. या कुळातली झाडं किडीपासून वाचायला कडू, विषारी रसायनं तयार करतात. बटाट्यात ती सोलॅनिन आणि चॅकोनिन. झाडाला जो भाग सर्वांत मोलाचा, तिथे ती सर्वांत जास्त. सोललेल्या चांगल्या बटाट्यात किलोमागे साधारण १२ ते ५० मिलिग्रॅम, कोवळ्या कोंबात मात्र २००० ते ४०००. मटकीच्या मोडांत हे विष नसतंच.

आता हिरव्या बटाट्याकडे वळतो, कारण मला सगळ्यांत मोह पडतो तो त्याचाच. बटाट्याच्या पेशींत स्टार्च साठवणाऱ्या बारीक पिशव्या असतात. पानांतल्या हरितलवकांची ही सख्खी भावंडं. अंधारात त्या फक्त साठवणीचं काम करतात. प्रकाश पडला की सालीलगतच्या पिशव्यांचं रूप पालटतं, त्यांत पातळ पडद्यांच्या चळती उभ्या राहतात, हरितद्रव्य तयार होतं. खोडाला जणू आपण जमिनीवर आल्याचं कळतं आणि ते पानाचं काम करू लागतं. पण जमिनीवर आलं म्हणजे खाणारेही आलेच! म्हणून त्याच प्रकाशाने पेशीत दुसरीकडे, कोलेस्टेरॉलपासून, सोलॅनिन बनवण्याचं कामही वेग घेतं. ही दोन कामं स्वतंत्र आहेत. हिरवा रंग स्वतः निरुपद्रवी, तो पालकातही असतो. तो फक्त सांगतो की या बटाट्याने उजेड पाहिला आहे. उलट, आपटलेल्या किंवा चिरलेल्या जागी हिरवेपणा न येताही विष वाढतं.

सोलॅनिनचा सांगाडा कोलेस्टेरॉलसारखाच असल्याने ते आतड्याच्या पेशींच्या आवरणातल्या कोलेस्टेरॉलला चिकटतं आणि आवरणाला भोकं पडतात. ॲसिटिलकोलीन हा मज्जातंतूंचा निरोप्या मोडणाऱ्या विकरालाही ते अडवतं. त्यातून काही तासांत पोटदुखी, उलट्या, जुलाब.

किती खाल्ल्यावर? युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२० साली शरीराच्या किलोमागे १ मिलिग्रॅमपासून त्रास संभवतो असं मानलं. बटाट्यात किलोमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत विष चालतं, ही पूर्वापार मर्यादा. अगदी त्या मर्यादेवरचा बटाटा धरला तर ६० किलोच्या माणसाला ३०० ग्रॅम लागतील, १५ किलोच्या मुलाला मात्र ७५ ग्रॅमच पुरतील. म्हणून मुलांच्या ताटात शंकेचा बटाटा नकोच.

'मिठाच्या पाण्यात ठेवा, विष उतरतं' असा निरोप मोबाइलवर फिरतो. विष उतरवण्याची ही भाषा मांत्रिकाची आहे. सोलॅनिन पाण्यात फारसं विरघळत नाही, कुकरच्या १२० अंशांनाही दाद देत नाही आणि तळणीच्या १७०-१८० अंशांतही बरंचसं टिकतं. सुरी मात्र खरंच उपयोगी पडते, कारण बहुतेक विष सालीत आणि सालीखालच्या दोनतीन मिलिमीटरांत असतं. थोडा हिरवा डाग असेल तर जाड साल काढा. लहान कोंब असतील आणि बटाटा टणक असेल तर कोंब डोळ्यासकट खोल कोरून काढा. मोठा भाग हिरवा झालेला, सुरकुतलेला, लांब कोंबांचा बटाटा टाकून द्या. आणि घास कडू लागला तर तो थुंकून टाका. अमेरिकेत १९६७ साली वेफर्ससाठी आणलेलं 'लेनापे' वाण १९७० मध्ये मागे घ्यावं लागलं, ते याच विषाच्या जास्त प्रमाणामुळे. वाणच तसं असेल तर बटाटा हिरवा असण्याची गरज नसते.

बाकीचे डाग बहुतेक दिसायलाच वाईट. सालीवरची खरबरीत खपली जिवाणूंमुळे येते, सोलली की संपलं. मधली पोकळी वाढीतल्या चढउतारांमुळे पडते. चिरल्यावर येणारा तपकिरी रंग सफरचंदासारखाच. पाणी सुटलेला, घाण वासाचा किंवा बुरशी आलेला बटाटा मात्र सरळ फेकायचा.

आंबेगाव-खेडकडचे शेतकरी बटाट्याच्या सरींना मातीची भर लावतात, त्यामागे उजेडापासूनचं हे रक्षणही असतं. घरी पाहायचं असेल तर एका बटाट्याचा अर्धा भाग काळ्या कागदात घट्ट गुंडाळून खिडकीत ठेवा. दहाबारा दिवसांनी कागद काढलात की हिरव्या-पिवळ्याची सीमा दिसेल. मग तो बटाटा कुंडीत लावून टाका.